संदेश पूर्ण वाचला गेला का? : ‘सी’ भाषेतील आंतरप्रक्रिया संदेशवहनाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
एका संगणकीय प्रक्रियेने दुसऱ्या प्रक्रियेला पाठवलेला संदेश पूर्णपणे वाचला गेला आहे किंवा नाही, हे ओळखण्याची समस्या ‘सी’ भाषेत काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरसमोर उभी राहते. ही समस्या सामान्यतः प्रोग्रामिंगमधील एक तांत्रिक अडचण म्हणून शिकवली जाते. प्रस्तुत निबंधात तिचा उगम १९७० आणि १९८० च्या दशकांत घेतल्या गेलेल्या काही निर्णयांत शोधण्याचा प्रयत्न केला आहे. युनिक्समधील पाइप, सिस्टिम फाइव्हमधील संदेशरांग, टीसीपी आणि बर्कले सॉकेट या चार टप्प्यांच्या आधारे संदेशाची सीमा सांभाळण्याची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, आणि त्याची कोणती किंमत पुढील काळात मोजावी लागली, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आंतरप्रक्रिया संदेशवहन, बाइटप्रवाह, संदेशसीमा, युनिक्स, टीसीपी, सी भाषा.

१. प्रस्तावना :
पत्र लिहिणारा माणूस पत्राच्या शेवटी स्वाक्षरी करतो. वाचणाऱ्याला स्वाक्षरी दिसली की पत्र संपले हे कळते. पान हरवले असेल तर तेही कळते, कारण स्वाक्षरीच सापडत नाही. मानवी व्यवहारातील ही साधी सोय संगणकातील दोन प्रक्रियांच्या व्यवहारात आपोआप मिळत नाही. एका प्रक्रियेने शंभर बाइट लिहिले आणि दुसरीने ‘रीड’ हा सिस्टिम कॉल एकदा वापरला, तर तिच्या हाती शंभर बाइट येतील, चाळीस येतील किंवा पुढच्या संदेशाचे काही बाइट धरून एकशेवीसही येतील. हाती आलेल्या बाइटांवर ‘येथे संदेश संपला’ असे कोठेही लिहिलेले नसते.

या स्थितीबद्दल दोन समजुती प्रचलित आहेत. पहिली अशी की, अपूर्ण वाचन ही दुर्मीळ घटना असून ती केवळ नेटवर्क बिघडल्यावर घडते. दुसरी अशी की, टीसीपी ‘विश्वसनीय’ असल्यामुळे संदेश पूर्ण पोहोचण्याची हमी तोच देतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. अपूर्ण वाचन हा बाइटप्रवाहाचा बिघाड नसून त्याचा स्वभाव आहे. आणि तो स्वभाव कोणत्या काळात, कोणत्या कारणांसाठी स्वीकारला गेला हे इतिहासात पाहता येते.

२. अभ्यासाची व्याप्ती :
‘संदेश पूर्ण वाचला गेला का?’ या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न वाचणाऱ्याचा : माझ्या हाती आलेला संदेश पूर्ण आहे का? दुसरा प्रश्न पाठवणाऱ्याचा : मी पाठवलेला संदेश समोरच्याने पूर्ण वाचला का? या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे अनेक प्रोग्रामांत दोष राहून जातात. म्हणून पुढील विवेचनात ते वेगळे ठेवले आहेत. मांडणी कालानुक्रमे केली असून ‘सी’ भाषेच्या आधीच्या व्यवस्थांचा विचार पार्श्वभूमी म्हणून केला आहे.

३. नोंदींचे जग :
युनिक्सच्या आधीच्या मोठ्या संगणकांत माहितीचे एकक ‘नोंद’ म्हणजे रेकॉर्ड हे होते. ऐंशी स्तंभांचे पंचकार्ड हे त्याचे मूर्त रूप. एक कार्ड म्हणजे एक नोंद. कार्ड वाचले म्हणजे नोंद पूर्ण वाचली. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीने हीच कल्पना डिस्क आणि टेपवर आणली. तेथे नोंदी ठराविक लांबीच्या असत किंवा बदलत्या लांबीच्या. बदलत्या लांबीच्या नोंदीच्या आरंभी चार बाइटांचा वर्णनभाग असे आणि त्यातील पहिल्या दोन बाइटांत लांबी लिहिलेली असे. प्रोग्रामने एक नोंद मागितली की प्रणाली एक संपूर्ण नोंद देत असे. नोंदीची सीमा सांभाळण्याचे काम प्रणालीचे होते.

प्रक्रियांमधील संदेशवहनाबाबतही आरंभीची दिशा हीच होती. डेन्मार्कमधील रेग्नेसेंट्रालेन या संस्थेत पेर ब्रिंच हॅन्सेन यांनी आरसी ४००० या संगणकासाठी १९६९ मध्ये बहुप्रक्रिया प्रणाली तयार केली आणि १९७० मध्ये तिच्या केंद्रभागाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. तिच्यात चार मूलभूत क्रिया होत्या : संदेश पाठवणे, संदेशाची वाट पाहणे, उत्तर पाठवणे आणि उत्तराची वाट पाहणे. संदेश ठराविक लहान आकाराच्या बफरमध्ये जात असल्याने अर्धा संदेश ही अवस्थाच उद्भवत नव्हती. शिवाय प्रत्येक संदेशाला उत्तर अपेक्षित असल्याने पाठवणाऱ्याच्या प्रश्नाचीही सोय रचनेतच झालेली होती. वर सांगितलेले दोन्ही प्रश्न या प्रणालीने ‘सी’ भाषेच्या जन्मापूर्वीच सोडवले होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. मात्र त्यासाठी संदेशाचा आकार आधीच ठरवून घ्यावा लागत होता.

४. पाइप आणि बाइटप्रवाहाचा स्वीकार :
बेल लॅबोरेटरीजमधील डग्लस मॅकिलरॉय यांनी ऑक्टोबर १९६४ मधील एका टिपणात प्रोग्राम एकमेकांना जोडण्याची कल्पना मांडली होती. बागेतील पाण्याच्या नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम जोडता यावेत, असा त्यांचा आशय होता. ही कल्पना केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ या सिस्टिम कॉलच्या रूपाने प्रत्यक्षात आणली. याच वर्षी युनिक्सचे कर्नल ‘सी’ भाषेत पुन्हा लिहिले गेले. त्यामुळे ‘सी’ भाषा आणि बाइटप्रवाह यांचे नाते आरंभापासूनच जुळले.

नळीची उपमा येथे विचारात घेण्यासारखी आहे. नळीतून पाणी वाहते. त्यात तांब्या आणि बादली यांच्या सीमा उरत नाहीत. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युनिक्सविषयक लेखात फाइलची रचना तिचा वापर करणाऱ्या प्रोग्रामने ठरवावी, प्रणालीने नव्हे, ही भूमिका स्पष्टपणे मांडली आहे. फाइल, टर्मिनल, टेप आणि पाइप या सर्वांना एकच रीड आणि एकच राईट पुरावे, हा या भूमिकेचा लाभ होता. नोंदींच्या प्रकारांचे जंजाळ नाहीसे झाले. लहान प्रोग्राम जोडून मोठे काम करण्याची युनिक्सची सुप्रसिद्ध पद्धत त्यातूनच फुलली.

या लाभाची दुसरी बाजू अशी की, राईटच्या एका आवाहनात लिहिलेले बाइट रीडच्या एका आवाहनात परत मिळतील, हा संबंध तुटला. आरंभीच्या पाइपची साठवणक्षमता ४०९६ बाइट होती. त्याहून मोठा मजकूर लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याची वाट पाहावी लागे आणि वाचणाऱ्याला तो तुकड्यातुकड्यांनी मिळे. पुढे पॉझिक्स मानकाने एक मर्यादित आश्वासन दिले : विशिष्ट मर्यादेपर्यंतचे लेखन अखंड राहील, म्हणजे अनेक प्रक्रिया एकाच पाइपमध्ये लिहीत असल्या तरी त्यांचे बाइट एकमेकांत मिसळणार नाहीत. ही मर्यादा किमान ५१२ बाइट असावी असे मानक सांगते. लिनक्समध्ये ती ४०९६ आहे. परंतु हे आश्वासन लिहिण्यापुरते आहे. वाचणाऱ्याला सीमा दाखवण्याचे आश्वासन त्यात नाही.

५. ‘रीड’च्या परतमूल्याचा अर्थ :
ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचा ‘सी’ भाषेवरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. युनिक्सशी संबंध जोडणाऱ्या प्रकरणात रीडच्या परतमूल्याचे तीन अर्थ दिले आहेत. धन संख्या म्हणजे प्रत्यक्ष मिळालेले बाइट; ती मागणीपेक्षा कमी असू शकते. शून्य म्हणजे फाइलचा शेवट. उणे एक म्हणजे त्रुटी. म्हणजेच अपूर्ण वाचनाची पूर्वसूचना भाषेच्या पहिल्याच प्रमाणग्रंथात दिलेली होती.

तथापि या तीन अर्थांत ‘संदेशाचा शेवट’ हा चौथा अर्थ नाही, ही बाब महत्त्वाची आहे. शून्य मिळणे याचा पाइपच्या संदर्भातील अर्थ असा की, लेखनाची सर्व टोके बंद झाली असून साठलेला मजकूरही संपला आहे. एका जोडणीतून एकच संदेश जाणार असेल तर हा संकेत पुरेसा ठरतो. अनेक संदेश जाणार असतील तर त्याचा उपयोग नाही. शिवाय ‘फोर्क’ने निर्माण झालेल्या बालप्रक्रियेकडे लेखनाचे टोक वारशाने येते. ते बंद करायचे राहिले तर वाचणाऱ्याला शून्य कधीच मिळत नाही आणि तो अनंतकाळ वाट पाहत राहतो. सिग्नल आल्यामुळे वाचन मध्येच खंडित होणे हा आणखी एक प्रकार आहे. तो त्रुटी म्हणून कळवला जात असला तरी संदेशात कोणताही दोष नसतो.

६. संदेशरांग : सीमा जपण्याचा पर्यायी प्रयत्न :
बाइटप्रवाह सर्वच कामांना मानवला नाही. ओहायो राज्यातील कोलंबस येथील बेल लॅबोरेटरीजमध्ये दूरध्वनी व्यवस्थेच्या कामासाठी युनिक्सची एक वेगळी आवृत्ती १९७० च्या दशकात विकसित झाली. तिच्यातून पुढे आलेल्या संदेशरांग, सेमाफोर आणि सामायिक स्मृती या सोयी १९८३ च्या सिस्टिम फाइव्ह या आवृत्तीबरोबर सर्वत्र पोहोचल्या. दूरध्वनी व्यवहारात प्रत्येक विनंती स्वतंत्र असते आणि ती पूर्ण असावी लागते. या गरजेतून नोंदीची जुनी कल्पना युनिक्समध्ये परत आली, असे दिसून येते.

संदेशरांगेत ‘एमएसजीएसएनडी’ने ठेवलेला एक संदेश ‘एमएसजीआरसीव्ही’ने एकसंध काढला जातो. परतमूल्य म्हणजे संदेशाच्या मजकुराचे बाइट. आरंभीचा प्रकारदर्शक आकडा त्यात मोजला जात नाही. वाचणाऱ्याचा बफर लहान पडला तर काय करायचे, याचे दोन पर्याय दिलेले आहेत. सामान्य स्थितीत वाचन अयशस्वी होते आणि संदेश रांगेत अबाधित राहतो. ‘एमएसजी नोएरर’ हा ध्वज दिला तर संदेश कापून दिला जातो, उरलेला भाग नष्ट होतो आणि तो कापला गेल्याची कोणतीही सूचना वाचणाऱ्याला मिळत नाही. पहिल्या पर्यायात अपूर्णता उघड होते, दुसऱ्यात ती लपते. ध्वजाच्या नावात ‘त्रुटी नाही’ असे असले तरी प्रत्यक्षात नाहीशी होते ती त्रुटीची वार्ता.

पाठवणाऱ्याच्या प्रश्नासाठीही या सोयीत काही आधार आहे. ‘एमएसजीसीटीएल’द्वारे रांगेची स्थिती विचारल्यास रांगेत उरलेल्या संदेशांची संख्या, शेवटी वाचणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक आणि शेवटच्या वाचनाची वेळ कळते. संख्या शून्य असेल तर सर्व संदेश रांगेतून काढले गेले आहेत, एवढे निश्चित म्हणता येते. मात्र काढून घेणे आणि त्यानुसार काम पूर्ण करणे या भिन्न गोष्टी आहेत. संदेश काढल्यानंतर पुढच्याच क्षणी वाचणारी प्रक्रिया बंद पडली, तरी रांग शून्यच दाखवील. १९९३ च्या पॉझिक्स वास्तवकालीन विस्ताराने नवी संदेशरांग आणली. तिच्यात वाचणाऱ्याचा बफर रांगेच्या कमाल संदेश आकाराएवढा तरी असलाच पाहिजे, अन्यथा वाचन नाकारले जाते. संदेश गुपचूप कापण्याचा मार्गच तेथे बंद करण्यात आला.

७. टीसीपी आणि ‘पत्राचा शेवट’ :
एका संगणकाच्या आत जे पाइपने केले, ते संगणकांच्या जाळ्यात टीसीपीने केले. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांचा मूळ लेख मे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पहिले तपशीलवार विवरण आरएफसी ६७५ या क्रमांकाने निघाले. या आरंभीच्या रचनेत संदेशाला ‘पत्र’ म्हटले होते आणि पत्र संपल्याची खूण करण्याची तरतूद होती. ‘पत्राचा शेवट’ दर्शवणारा हा बिट जानेवारी १९८० च्या आरएफसी ७६१ मध्येही आढळतो. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये मात्र तो नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ‘पुश’ हा संकेत आला. पुशचा अर्थ एवढाच की, साठलेले बाइट न थांबवता पुढे ढकला. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये तर पुश ही नोंदीच्या शेवटाची खूण नाही, असे निःसंदिग्धपणे नमूद केले आहे. आरएफसी ७९३ ची जागा ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने घेतली, तरी बाइटप्रवाहाचे हे तत्त्व कायम राहिले.

या बदलाचे महत्त्व अध्यापनात फारसे सांगितले जात नाही. टीसीपीमध्ये संदेशाची सीमा कधीच नव्हती असे नाही. ती होती आणि जाणीवपूर्वक काढली गेली. तिच्याऐवजी मिळालेली हमी वेगळी आहे : बाइट क्रमाने येतील, गाळले जाणार नाहीत, दुबार येणार नाहीत, आणि हे शक्य नसेल तर जोडणी तुटल्याचे कळवले जाईल. ‘विश्वसनीय’ या विशेषणाचा आवाका एवढाच आहे.

याउलट ऑगस्ट १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी मांडलेल्या यूडीपीमध्ये प्रत्येक डेटाग्रामची सीमा राखली जाते. पण डेटाग्राम पोहोचेलच याची हमी नाही. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी/आयपी स्वीकारले आणि त्याच वर्षी ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर सॉकेट ‘सी’ प्रोग्रामरच्या हाती आले. प्रवाह सॉकेट आणि डेटाग्राम सॉकेट यांच्यापुढे एकच ‘रेसीव्ह’ फंक्शन असले तरी त्याच्या परतमूल्याचा अर्थ दोन ठिकाणी भिन्न आहे. प्रवाहात न वाचलेले बाइट पुढील वाचनासाठी शिल्लक राहतात. डेटाग्राममध्ये बफरात न मावलेले बाइट टाकून दिले जातात. तेथे संदेश कापला गेला का, हे पाहण्यासाठी ‘रेसीव्हमेसेज’ने परत केलेल्या ध्वजांतील ‘ट्रंक’ हा ध्वज तपासावा लागतो.

८. सीमा पुन्हा आखण्याचे मार्ग :
खालच्या स्तराने सोडून दिलेली सीमा वरच्या स्तराला आखावी लागली. त्याचे प्रामुख्याने तीन मार्ग इतिहासात दिसतात.

पहिला मार्ग शेवटच्या खुणेचा. ऑगस्ट १९८२ च्या एसएमटीपी मानकात पत्राचा शेवट केवळ एक टिंब असलेल्या ओळीने दाखवला जातो. मजकुरातीलच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवणारा तेथे आणखी एक टिंब जोडतो आणि घेणारा ते काढून टाकतो. दुसरा मार्ग लांबीचा. सन कंपनीच्या आरपीसी व्यवस्थेत प्रत्येक तुकड्याआधी चार बाइट असतात. त्यातील सर्वांत वरचा बिट ‘हा शेवटचा तुकडा’ असे सांगतो आणि उरलेले ३१ बिट लांबी देतात. मे १९८७ च्या आरएफसी १००६ मध्ये आयएसओच्या संदेशनिष्ठ सेवा टीसीपीवर चालवण्यासाठी चार बाइटांचे शीर्ष सुचवले गेले आणि त्यात दोन बाइट लांबीसाठी होते. ओएस/३६० च्या नोंदीचा वर्णनभाग जवळपास त्याच रूपात परतला, हे येथे लक्षात येते. तिसरा मार्ग जोडणी बंद करण्याचा. एफटीपीच्या प्रवाह पद्धतीत आणि १९९१ च्या आरंभीच्या एचटीटीपीत जोडणी बंद होणे हाच मजकुराचा शेवट होता.

या मार्गांची ‘सी’ भाषेतील प्रमाण मांडणी रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या १९९० मधील युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंगवरील ग्रंथाने घडवली. हव्या तेवढ्या बाइटांची पूर्तता होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचणारे ‘रीडएन’ हे छोटे फंक्शन त्यांनी दिले. त्यातील तर्क सोपा आहे. उरलेल्या बाइटांची संख्या शून्य होईपर्यंत वाचावे; सिग्नलने खंड पडल्यास पुन्हा वाचावे; शून्य मिळाल्यास थांबावे आणि एकूण किती मिळाले ते सांगावे. लांबीचे चार बाइट आधी याच पद्धतीने वाचावेत, लांबी मर्यादेत आहे का ते तपासावे आणि नंतर तेवढाच मजकूर वाचावा. असे केल्यास तीन अवस्था स्पष्टपणे वेगळ्या होतात : संदेश पूर्ण मिळाला, नवा संदेश सुरू होण्यापूर्वीच समोरच्याने व्यवस्थित जोडणी बंद केली, अथवा संदेश अर्धा असताना जोडणी बंद झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतील फरक केवळ परत आलेल्या शून्यावरून कळत नाही; आधी किती बाइट मिळाले होते हे माहीत असेल तरच कळतो.

येथे एक पळवाट अनेकदा वापरली जाते. ‘एफआयओएनरीड’ या नियंत्रणाने बफरात सध्या किती बाइट आहेत हे विचारले जाते आणि उत्तर शून्य आले की संदेश संपला असे मानले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. शून्याचा अर्थ ‘आतापर्यंत आलेले सर्व वाचले’ एवढाच असून, वाटेत असलेल्या बाइटांविषयी तो काहीही सांगत नाही.

९. पाठवणाऱ्याचा प्रश्न :
राईटने शंभर हे परतमूल्य दिले म्हणजे शंभर बाइट कर्नलने स्वीकारले. टीसीपीची पोचपावती आली म्हणजे ते समोरच्या संगणकाच्या कर्नलपर्यंत पोहोचले. यांपैकी कोणतीही गोष्ट समोरच्या प्रोग्रामने ते वाचल्याचे सिद्ध करीत नाही. जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आणि १९८४ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या ‘एंड-टू-एंड’ युक्तिवादाचा गाभा हाच आहे. एमआयटीमधील एका गेटवे संगणकात बाइटांच्या जोड्यांची अदलाबदल करणारा क्वचित घडणारा दोष होता. वाटेतील प्रत्येक टप्प्यावर तपासणी होत असल्याने वापरकर्त्यांनी टोकाला पुन्हा तपासणी केली नाही आणि एका कार्यप्रणालीच्या मूळ संहितेच्या काही फाइली बिघडल्या. त्या अखेर जुन्या छापील प्रतींशी हाताने ताडून पाहाव्या लागल्या, असे उदाहरण त्यांनी दिले आहे. तात्पर्य, वाचल्याची खात्री वाचणारा प्रोग्रामच देऊ शकतो. आणि ती उत्तराच्या रूपानेच द्यावी लागते. आरसी ४००० मधील ‘उत्तर पाठवणे’ ही क्रिया येथे पुन्हा भेटते.

या प्रश्नाला यंत्ररचनेतून दिलेल्या उत्तराचे एक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. तो इनमॉस कंपनीच्या टी८०० या ट्रान्सप्युटर प्रक्रियकांवर आधारलेला होता. ट्रान्सप्युटरच्या जोडणीवर प्रत्येक बाइट ११ बिटांच्या पुडक्यातून जातो आणि त्या प्रत्येकासाठी दोन बिटांची पोच परत येते. पाठवणारी आणि घेणारी प्रक्रिया दोघीही तयार असल्याशिवाय व्यवहार होत नाही आणि तो पूर्ण होईपर्यंत दोघीही थांबतात. संदेशाची लांबी दोन्ही बाजूंना समान धरलेली असावी लागते. वेगवान समांतर गणनेसाठी हे बंधन सोयीचे होते. पण परस्परांची ओळख नसलेल्या प्रोग्रामांच्या जाळ्यात ते टिकणे कठीण होते. पुढे १९९४ च्या एमपीआय मानकाने संदेशसीमा जपली, प्रत्यक्ष किती घटक आले हे विचारण्यासाठी स्वतंत्र फंक्शन दिले आणि समोरच्याने संदेश घेण्यास आरंभ केल्याशिवाय पूर्ण न होणारी समकालिक पाठवणीही उपलब्ध केली.

१०. अपूर्णतेची किंमत :
सीमेची जबाबदारी प्रत्येक प्रोग्रामवर सोपवल्याचे परिणाम सुरक्षेच्या क्षेत्रात विशेष तीव्रतेने दिसले. नेटस्केपच्या १९९५ मधील एसएसएल २.० मध्ये मजकुराचा शेवट टीसीपी जोडणी बंद होण्यावरून ओळखला जात असे. टीसीपीचा हा संकेत बनावट करता येत असल्याने हल्लेखोराला संदेश मध्येच तोडून तो पूर्ण असल्याचा आभास निर्माण करणे शक्य होते. १९९६ च्या एसएसएल ३.० मध्ये समाप्तीची संरक्षित सूचना आणून हा दोष दूर करण्यात आला.

एचटीटीपी १.१ मध्ये लांबी सांगण्याच्या दोन पद्धती उपलब्ध झाल्या : एकूण लांबी आणि तुकड्यांची मालिका. एकाच विनंतीत दोन्ही दिल्या आणि वाटेतील मध्यस्थाने एक तर अंतिम सर्व्हरने दुसरी ग्राह्य धरली, तर एकाच्या दृष्टीने संपलेली विनंती दुसऱ्याच्या दृष्टीने चालूच राहते. ‘रिक्वेस्ट स्मगलिंग’ या नावाने हा हल्ला २००५ मध्ये प्रथम विस्ताराने मांडला गेला.

सर्वांत गाजलेले उदाहरण ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या हार्टब्लीडचे आहे. ‘सी’ भाषेतील ओपनएसएसएल या ग्रंथालयात, २०१२ च्या १.०.१ या आवृत्तीपासून, येणाऱ्या संदेशातील दोन बाइटांच्या लांबीवर तपासणीविना विश्वास ठेवला जात होता. प्रत्यक्षात काही बाइटच आलेले असताना लांबी हजारोंची सांगितली, तर उत्तरात सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंत परका मजकूर जाई. त्यात संकेतशब्द आणि गुप्त किल्ल्याही असू शकत. उपाय मात्र अत्यंत छोटा होता : सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या नोंदीत बसते का ते पाहावे, बसत नसेल तर संदेश टाकून द्यावा. ‘संदेश पूर्ण आला का?’ हा एकच प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

११. अध्यापनाच्या दृष्टीने :
महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत पाइप किंवा सॉकेटचा प्रोग्राम बहुधा एकाच संगणकावर, लहान संदेश घेऊन आणि रीडच्या एकाच आवाहनाने लिहिला जातो. अशा परिस्थितीत लिहिलेले सर्व बाइट सहसा एकदमच मिळतात आणि प्रोग्राम बरोबर आहे असे वाटते. प्रात्यक्षिक यशस्वी झाल्यामुळेच चुकीची समजूत पक्की होते. यावर सोपे उपाय आहेत. पाठवणाऱ्या प्रोग्रामने एक संदेश दोन भागांत, मध्ये थोडा वेळ थांबून लिहावा. दोन संदेश लागोपाठ लिहावेत. आणि तिसऱ्या वेळी संदेश अर्धा असताना जोडणी बंद करावी. या तिन्ही कसोट्यांवर वाचणारा प्रोग्राम टिकला तरच तो पूर्ण समजावा.

१२. निष्कर्ष :
१) अपूर्ण वाचनाची समस्या ‘सी’ भाषेच्या व्याकरणातून उद्भवलेली नाही. १९७३ मध्ये युनिक्सने आणि १९८१ मध्ये टीसीपीने बाइटप्रवाह स्वीकारल्यामुळे ती प्रोग्रामरच्या वाट्याला आली.
२) हा निर्णय अज्ञानातून झाला नव्हता. नोंद, उत्तर आणि पत्राचा शेवट या कल्पना आधीपासून ज्ञात होत्या. सर्व साधनांना एकच साधे माध्यम मिळावे यासाठी त्या मागे ठेवल्या गेल्या.
३) सोडून दिलेली सीमा दर दशकात नव्या रूपाने परतली. २००० मधील एससीटीपी या वाहतूक संकेताने संदेशसीमा पुन्हा राखली आणि २०१५ च्या एचटीटीपी/२ ने प्रत्येक चौकटीआधी २४ बिटांची लांबी ठेवली.
४) वाचणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर लांबी किंवा शेवटची खूण यांतून मिळते; पाठवणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर केवळ समोरच्या प्रोग्रामच्या उत्तरातून मिळते. कर्नलची पोच दोघांनाही पुरेशी नाही.
५) सांगितलेली लांबी आणि आलेली लांबी ताडून पाहणे हे संदेशवाचनाचे अविभाज्य अंग मानले पाहिजे. हार्टब्लीडने दाखवल्याप्रमाणे ही तपासणी काही ओळींची असते, पण तिच्या अभावाचे परिणाम जगभर पोहोचतात.

साधेपणासाठी प्रणालीने जे काम सोडले ते नाहीसे झाले नाही. ते प्रत्येक प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे करावे लागू लागले. विद्यार्थ्याला रीडचे परतमूल्य तपासण्याचा नियम शिकवताना त्यामागील हा इतिहास सांगितला, तर तो नियम केवळ पाठ न होता समजेल आणि म्हणूनच पाळलाही जाईल.